भातखाचरातून सर्पोद्यानात

पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकला की वरवे लागते. वरवे बुद्रुक आणि वरवे खुर्द ही भोर तालुक्यातली जोडगावं. एका अंगाला महामार्गाची अखंड घरघर, दुसऱ्या अंगाला डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेली भातखाचरं. आता त्या खाचरांतही प्लॉटिंगचे दगड उभे राहू लागले आहेत आणि रस्त्याकडेला हॉटेलांच्या पाट्यांची रांग दरवर्षी लांबते आहे. तरी पावसाळ्यात चिखलणी सुरू झाली की गाव पुन्हा गावासारखं दिसतं.

इथल्या लोकांना लहान पोरांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन यावं असं विचारलं, तर दोन नावं निघतात. एक जवळच्या नसरापूरचं बनेश्वर आणि दुसरं घाटापलीकडचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय. दोन्ही ठिकाणांचा धागा नानासाहेब पेशव्यांपाशी जुळतो. बनेश्वराचं देऊळ त्यांनी १७४९च्या सुमारास बांधलं. त्याच काळात कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. आज प्राणिसंग्रहालय आहे ते याच तलावाच्या काठी. लाल महालावरच्या छाप्यानंतर मोगलांना चकवण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, तो कात्रजचा घाटही हाच. ती गोष्ट इकडच्या पोरांना शाळेत जाण्याआधीच पाठ असते.

भाऊ वरव्यात राहतो. त्याची पाच वर्षांची मुलगी, वहिनी, आई आणि मी असे आम्ही सकाळी निघालो. मुद्दाम नव्या बोगद्याने न जाता जुन्या घाटाने गेलो. घाट उतरला की कात्रज चौक आणि तिथून स्वारगेटच्या दिशेला जरा पुढे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पुणे महापालिकेचं हे संग्रहालय १९९९ साली सुरू झालं. सुमारे १३० एकरांचा पसारा आणि त्यात ४२ एकरांचा तलाव. त्याआधी पुण्याचं प्राणिसंग्रहालय म्हणजे सारसबागेशेजारचं, १९५३ साली सुरू झालेलं पेशवे पार्क. तिथले प्राणी पुढे टप्प्याटप्प्याने इथे आले आणि तिकडे मुख्यतः फुलराणी राहिली. १९५६ साली धावू लागलेली ती छोटी रेल्वे. आईच्या पिढीला वाघ म्हटलं की पेशवे पार्कच आठवतं. भोरहून एसटीने स्वारगेटला उतरायचं, चालत पार्कात जायचं, आधी फुलराणी, मग वाघ, हा त्यांचा ठरलेला क्रम. गजांच्या पिंजऱ्यात सारख्या येरझाऱ्या घालणारा वाघ आईला अजून आठवतो. कात्रजला खंदकापलीकडे झाडाखाली पाय पसरून पडलेला वाघ बघून ती म्हणाली, "ह्याला निदान पाठ टेकायला जागा तरी आहे."

वाघ, पांढरा वाघ, सिंह, हत्ती, अस्वल, गवा, काळवीट, मगर हे सारं इथे आहे. खंदकांमुळे मधे गज येत नाहीत, त्यामुळे पोरांना प्राणी मोकळाच वाटतो. भाचीने गव्याकडे बराच वेळ बघून तो कोणाच्या गोठ्यातला, असं विचारलं. घरी म्हशी असलेल्या पोरीचा तो रास्त प्रश्न होता. बिबट्यापाशी ती मला बिलगली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरांना त्याच्याच नावाने घरात बोलावलं जातं. इथे मात्र तो दोन पंजांवर हनुवटी ठेवून झोपला होता. थोड्या वेळाने भीती जाऊन तिने त्याचे ठिपके मोजायला घेतले.

पण वरव्यासारख्या गावातून येणाऱ्यांसाठी या आवाराचं खरं मोल आहे ते सर्पोद्यानात. हे प्राणिसंग्रहालयाच्याही आधीचं, १९८६ सालचं. त्यामागचा माणूस म्हणजे नीलिमकुमार खैरे. १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहून त्यांनी विक्रम केला होता. नाग, घोणस आणि मण्यार आजूबाजूला असताना हा माणूस तीन दिवस आत बसला. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. अशा विक्रमाने लोक थक्क होतात आणि घरी जातात. खैरे तिथे थांबले नाहीत. पुण्याला साप बघायची आणि समजून घ्यायची कायमची जागा मिळवून दिली, म्हणून त्यांच्याविषयी मला विलक्षण आदर वाटतो.

काचेपलीकडच्या मण्यारीपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. भाताच्या गावांत या सापाइतका घातकी दुसरा नाही. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या आणि लहान सापांच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात आणि तोवर उशीर झालेला असतो. तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या मात्र हकनाक मारला जातो. तिथल्या एका कर्मचाऱ्याने दोघांतला फरक आम्हाला समजावून दिला. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीने असतात, मानेपाशी अंधुक आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. वहिनीने हे त्याला दोनदा सांगायला लावलं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पडवीत निघालेला साप मारल्यावर तो कोणता, यावर घरात एकमत झालं नव्हतं.

पुढे घोणस. कोणी जवळ आलं की ती कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. भाचीला वेटोळं घातलेली घोणस अजगरच वाटली. नेमकी हीच गफलत मोठ्यांचीही होते आणि मग कोणीतरी अजगराचं पिल्लू समजून तिला हात लावतं.

धामणीपाशी आईने आपली श्रद्धा बोलून दाखवली. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं तिच्या माहेरी सगळे मानत. त्या कर्मचाऱ्याने तिचा मान राखून सांगितलं, "मावशी, सापाला चोखताच येत नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी." आई काही बोलली नाही, पण बाहेर आल्यावर वहिनीला म्हणाली, "मग कणगीजवळची ती धामण उगाच मारली आपण."

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. ते घोड्यांच्या रक्तातून तयार करतात आणि मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. म्हणूनच साप ओळखण्यासाठी तो मारून सोबत नेण्याची गरज नसते. दंश झाला की ब्लेडने चिरायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ही चार वाक्यं खाचरात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवीत. इथे ती काचेपलीकडच्या जिवंत सापासमोर उभं राहून ऐकायला मिळतात, त्यामुळे ती लक्षात राहतात.

मन खट्टू करणाऱ्या गोष्टीही दिसल्या. लोक काचेवर टिचक्या मारून सापाला हलवायला बघतात. सापाला बाहेरचे कान नसतात, पण कंपनं त्याला नेमकी कळतात. दिवसभर त्या जिवाला किती धक्के बसत असतील! वाघाच्या खंदकापाशी मोठी माणसंच आरोळ्या ठोकत होती आणि त्यांची पोरं ते बघून शिकत होती. आणखी एक सल आहे. आमच्या पट्ट्यातल्या शाळांच्या सहली हल्ली वॉटर पार्ककडे वळू लागल्या आहेत. पोरांनी पाण्यात खेळायला हवंच. पण ज्या मुलांच्या आईबापांना भर पावसात गुडघाभर चिखलात उभं राहावं लागतं, त्यांनी शाळेच्या वयात एकदा तरी मण्यार आणि कवड्या शेजारी शेजारी बघितले पाहिजेत. सहलीची बस घाटापलीकडे इतकी जवळ जाऊ शकत असताना ती तिथे जात नाही, हे मला फार लागतं.

प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. बरोबर म्हातारी माणसं असतील तर आत बॅटरीवरची गाडी मिळते, तिने मोठा फेरा होतो. वाघ-सिंह दुपारच्या उन्हात झोपतात, तेव्हा सकाळी दरवाजा उघडतानाच पोहोचावं. पोरं वाघासाठी हट्ट धरतील, तो आधी पुरवावा. पण पाय दुखायला लागायच्या आत सर्पोद्यान गाठावं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना न लाजता प्रश्न विचारावेत. गावाकडून आलोय आणि घरात साप निघतात एवढं सांगितलं, तर ते हातातलं काम बाजूला ठेवून बोलतात.