पुरुषांचे दुखणे आणि भजनी मंडळ
पत्नी गेल्यावर पुरुष माझ्याकडे येतो, तो छातीवर दडपण, झोप नाही, अन्न जात नाही, असे सांगत. आधी कार्डिओग्राम काढतो. बहुधा ठीक निघतो. ‘करमत नाही’ एवढे मात्र तो बोलणार नाही. २०२२ साली देशात आत्महत्या केलेल्या दर दहांमध्ये सात पुरुष होते. अशांना मी गोळीबरोबर एकादशीच्या भजनाला बसायला सांगतो. तिथे कोणी खोदून विचारत नाही, हातात टाळ देतात. (आवाज बेसूर असला तरी चालतो!) नंतर चहा पिताना शेजारचा आपल्या घरचे सांगू लागतो, तेव्हा यांनाही बोलावेसे वाटते. कोणी ‘जगणे नको’ म्हणाला, तर मंडळींनी त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.