मागील ध्वनिक्षेपकांचे मौन

घरगुती सराउंड ध्वनिरचनेत पुढील ध्वनिक्षेपक वाजत असता मागील मूक राहिले, म्हणजे दोष तारेचा अथवा यंत्राचा मानण्याकडे आपला कल असतो. परंतु पुष्कळदा मागे पाठविण्याजोगे असे संकेतात काही नसतेच.

१९८२ साली घरगुती उपयोगासाठी आलेल्या डॉल्बी सराउंड पद्धतीत मागील ध्वनीस स्वतंत्र मार्ग नव्हता. तो डाव्या व उजव्या मार्गांत परस्परविरुद्ध कलेने मिसळलेला असे. रिसीव्हर एका मार्गातून दुसरा वजा करी. दोहोंत समान असलेले संवाद त्यामुळे लोप पावत आणि उरलेला भेद मागे जाई. त्यातील सुमारे ७,००० हर्ट्‌झवरील कंपने गाळून तो किंचित विलंबाने वाजविला जाई. कारण प्रथम पोचलेल्या ध्वनीवरूनच कान दिशा ठरवितो. हेल्मूट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात या परिणामाचा अभ्यास केला होता.

यावरून एक गोष्ट उघड होते. एकमार्गी मुद्रणात दोन्ही बाजू समान, म्हणून भेद शून्य; तेथे मागील शांतता हेच योग्य उत्तर होय.

५.१ पद्धतीत मागील दोन मार्ग स्वतंत्र असतात. तथापि दूरचित्रवाणी संच ‘पीसीएम’वर ठेवला असेल, तर ऑप्टिकल जोडणीतून दोनच मार्ग बाहेर पडतात.

म्हणून प्रथम रिसीव्हरमधील चाचणीध्वनी प्रत्येक ध्वनिक्षेपकावर वाजवून पाहावा. तो मागे ऐकू आल्यास तारा निर्दोष समजाव्यात व शोध उगमाकडे वळवावा. न आल्यास मात्र जोडणीच तपासावी.