कचरा मातीआड, वायू मात्र मोकाट

गोंदिया जिल्ह्यात निंदणाच्या दिवसांत धानाच्या बांधीत पाय रोवला, की चिखलातून बुडबुडे वर येतात. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जिवाणू कुजका पालापाचोळा खातात आणि त्यातून मिथेन तयार होतो. शहरातल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यातही हेच घडते. फरक एवढाच, की बांधीत त्याला वर यायला वीत-दीड वीत अंतर पुरते. ढिगाऱ्यात कित्येक मीटर जाडीचा कचरा ओलांडावा लागतो. आणि तिथे तो सरळ वरच जाईल, याची खात्री नसते.

ओला कचरा टाकल्यावर सुरुवातीला आत थोडी हवा असते. ती संपली की काही महिन्यांत मिथेनचे प्रमाण वाढते. स्थिरावल्यानंतर ढिगाऱ्यातल्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. कचरा टाकणे थांबवले तरी ही निर्मिती अनेक वर्षे सुरू राहते.

वाट कशी निघते?

आतला वायू वाढला की दाब वाढतो आणि वायू कमी दाबाकडे सरकतो. कचरा थराथरांनी टाकून दाबलेला असतो. मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मातीचे आडवे थर असतात. त्यामुळे वर जाण्यापेक्षा आडवे सरकणे त्याला अनेकदा सोपे जाते. पावसाळ्यात वरची माती भिजून तिची रंध्रे पाण्याने भरली, की ढिगाऱ्यावर जणू झाकण बसते. मग वायू बाजूची कोरडी माती, खडकाच्या भेगा, गटारे किंवा नळांसाठी खोदलेले चर यांतून वाट काढतो.

हवामानाचाही हात असतो. इंग्लंडमधील लॉस्को या गावात 24 मार्च 1986 रोजी जुन्या कचराभूमीजवळचे एक घर स्फोटात उद्ध्वस्त झाले आणि तिघे जखमी झाले. त्याआधी काही तासांत हवेचा दाब झपाट्याने उतरला होता. बाहेरचा दाब कमी होताच जमिनीतला वायू जोराने बाहेर पडला आणि घराखाली साचला. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला, की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. शुद्ध मिथेनला वास नसल्याने धोका नाकाला कळेलच असे नाही.

देवनार आणि गोराई

जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशी आग खोलवर पोहोचली, की वरून मारलेले पाणी तिथपर्यंत जात नाही. भेगांतून शिरणारी हवा मात्र पोहोचते.

त्याच शहरातल्या गोराईत वेगळा मार्ग धरला गेला. तिथला जुना ढिगारा उतरता करून त्यावर अभेद्य आच्छादन घातले गेले आणि आत विहिरींसारख्या नळ्या उतरवून वायू बाहेर काढण्याची सोय केली गेली. नुसते झाकण पुरत नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे. झाकले आणि वाट ठेवली नाही, तर वायू शेजाऱ्याच्या घराकडे वळू शकतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांतही कचराभूमीवरील मिथेनला मर्यादा होती: स्फोटाच्या किमान पातळीच्या 25 टक्के. म्हणजे हवेत सुमारे सव्वा टक्का.

गोंदियासारख्या शहरांसाठी सर्वांत स्वस्त उपाय ढिगाऱ्यावर नाही, स्वयंपाकघरात आहे. भाजीची देठे, उरलेले अन्न वेगळे ठेवून त्याचे खत केले, तर ढिगाऱ्यातल्या जिवाणूंचे खाद्यच घटते. जुन्या ढिगाऱ्यांची मात्र नियमित मोजणी हवी, विशेषतः पावसाळ्यात. अशा जागेवर किंवा तिच्या कडेला घर बांधण्यापूर्वी जमिनीखालच्या वायूची तपासणी करून घ्यावी. जमीन वरून सपाट आणि हिरवी दिसली, तरी खालचे काम थांबलेले नसते.