कोअर ओला होता की असावा?

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून सकाळी चाकण-तळवड्याकडे कंपन्यांच्या बसगाड्या निघतात. त्यांत बसलेल्या क्वालिटीवाल्यांचा बराचसा दिवस इंग्रजी मेल लिहिण्यात जातो. ग्राहक जर्मन असो वा जपानी, तक्रारीचं उत्तर इंग्रजीतच द्यायचं. व्याकरण सांभाळलं जातं. घोळ होतो तो 'आय थिंक', 'मे बी', 'शुड बी ओके' अशा मवाळ शब्दांमुळे.

कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या निघाल्या, तर शॉपवर कुणीतरी साच्यातल्या वाळूच्या गाभ्याबद्दल म्हणतं, 'कोअर ओला असावा.' असावा, असेल, असणार, आहे: आपल्याकडे खात्रीची पायरी क्रियापदच सांगतं. वर 'म्हणे' जोडलं की जबाबदारीही दुसऱ्याच्या गळ्यात! इंग्रजीत हे काम 'माइट', 'मे', 'मस्ट' करतात आणि त्यातला 'मस्ट' भलताच फसवा. लाउरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली लक्षात आणून दिलं, की दिसायला ठाम असलेलं 'मस्ट'चं वाक्य साध्या विधानापेक्षा दुबळं असतं. 'द कोअर वॉज वेट' म्हणजे कुणीतरी पाहिलंय. 'द कोअर मस्ट हॅव बीन वेट' म्हणजे तर्क केलाय.

'आय थिंक'ची गंमत वेगळी. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी त्याचे दोन स्वभाव वेगळे केले. वाक्याच्या सुरुवातीला ठासून आलं, तर ते बहुधा विचारपूर्वक दिलेलं मत असतं. शेवटी, सूर चढवत आलं, तर शंका. मेलमध्ये सूर ऐकू येत नाही, त्यामुळे जागेवर बरंच काही ठरतं.

शिवाय प्रत्येक मवाळ शब्द शंकेचाच असतो असं नाही. पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषा समोर ठेवून सौजन्याचा अभ्यास केला. समोरच्याचा मान राखत त्याला नकाराला जागा ठेवणं, हेही काम हे शब्द करतात असं त्यांना दिसलं. एखादा ब्रिटिश ग्राहक 'परहॅप्स यू कुड चेक द गेज' असं लिहितो, तेव्हा त्याला गेजबद्दल शंका असते, स्वतःबद्दल नव्हे. ती सूचना जवळजवळ हुकूमच समजावी.

हे न कळल्याने काय होतं, त्याचा १९५१चा कोरियातला किस्सा प्रसिद्ध आहे. इमजिन नदीकाठी चिनी फौजेने वेढलेल्या ब्रिटिश तुकडीची स्थिती ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला 'जरा अडचणीची' एवढ्याच शब्दांत कळवली, असं सांगतात. ब्रिटिश कानाला तो धोक्याचा घंटानाद होता; अमेरिकन कानाला दिलासा. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या त्या तुकडीतले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा पकडले गेले.

त्याच वर्षी अमेरिकी गुप्तचर खात्याने युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याची 'गंभीर शक्यता' वर्तवली. तिथल्याच शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना त्या शब्दांमागचा आकडा विचारला. एकाच अहवालावर सह्या करणाऱ्यांच्या मनातले आकडे वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले! १९६४ मध्ये केंट यांनी अशा शब्दांना टक्केवारी नेमून देण्याची सूचना लेख लिहून मांडली.

आपल्या पट्ट्यात ही शिस्त मानकांतून येते. आयएसओ ९००१ किंवा वाहनउद्योगाचं आयएटीएफ १६९४९ उघडा. तिथे 'शाल' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी. ऑडिटर एनसी (नॉन-कन्फर्मिटी) काढतो ती 'शाल' मोडल्यावर. मानक वाचताना हा फरक आपली मंडळी डोळ्यांत तेल घालून जपतात. स्वतःच्या मेलमध्ये मात्र 'पार्ट्स शुड रीच बाय फ्रायडे' लिहून मोकळी होतात आणि पलीकडचा प्लॅनर माल येणार की नाही या विचारात पडतो.

मला खरी विसंगती दिसते ती तक्रारीच्या उत्तरात पाठवायच्या, आठ पायऱ्यांच्या एट-डी रिपोर्टमध्ये. तिसऱ्या पायरीवर संशयित माल वेगळा काढायचा असतो. ते पूर्णपणे आपल्या हातात असतं, तरी तिथे 'वुई विल ट्राय'. चौथ्या पायरीवर मूळ कारण शोधायचं, तिथे अंदाज असेल तर तसं म्हणणंच प्रामाणिक: 'प्राथमिक तपासणीवरून कोअरमध्ये ओलावा असावा, चाचणीचा निकाल बुधवारी कळवू.' पण नेमकं तिथेच, कसलीही शंका न दाखवता, लिहिलेलं असतं: 'ऑपरेटर निग्लिजन्स.'