पश्चिमेकडे तोंड केलेल्या जंग्या

इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेट परगण्यात, इल्मिन्स्टर गावाच्या आसपास कुरणांच्या कडेला काँक्रीटच्या बसक्या खोल्या दिसतात. छप्पर सपाट, दार एकच आणि तेही ठेंगणं, भिंतींत खिडक्यांच्या जागी जंग्या. अंगावर आयव्हीचे वेल माजलेले, आत शेण नाही तर साचलेलं पाणी. १९४० साली जर्मन सैन्य चालून आलंच तर त्याला अडवण्यासाठी या बांधल्या. गडकिल्ले हिंडलेला मराठी माणूस असली वास्तू दिसली की आधी मारा कुठल्या बाजूला आहे ते पाहतो, आणि इथे तो बुचकळ्यात पडतो. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, म्हणजे शत्रू यायचा तो दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून. इथल्या कितीतरी जंग्यांची तोंडं मात्र पश्चिमेला आहेत.

नकाशा उघडला की उलगडा होतो. शत्रू डेव्हन-कॉर्नवॉलच्या लांबलचक किनाऱ्यावर उतरला, तिथली बंदरं त्याने घेतली आणि मग तो लंडनच्या दिशेने निघाला, तर त्याला वाटेत कुठे रोखायचं? उत्तर होतं ‘टॉन्टन स्टॉप लाइन’. दक्षिणेला ॲक्स नदीच्या मुखापासून उत्तरेला ब्रिस्टलच्या खाडीपर्यंत जवळपास ८० किलोमीटरची ही फळी. नवी तटबंदी उभारायला ना वेळ होता ना माल. म्हणून नदीचं पात्र, बंद पडलेला चार्डचा कालवा, रेल्वेचे भराव असं जे आधीच होतं त्यालाच खंदक आणि तट मानलं. पूल सुरुंगाने उडवण्याची तयारी ठेवली, रस्त्यांवर अडथळे रचले आणि मोक्याच्या जागी या खोल्या बसवल्या. त्यांना पिलबॉक्स म्हणतात.

घाई किती होती ते तारखांवरून कळतं. २७ मे १९४० रोजी जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे मायदेशाच्या संरक्षणाची सूत्रं आली, तेव्हा डंकर्कहून सैनिक परत आणणं नुकतंच सुरू झालं होतं. ४ जूनपर्यंत ३ लाख ३८ हजार माणसं परतली, पण सुमारे २,५०० तोफा आणि हजारो गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या. आयर्नसाइड यांच्या हाताशी पुरेसे रणगाडे नव्हते, पुरेशी वाहनं नव्हती, धड शिकवलेलं सैन्यही पुरेसं नव्हतं. होतं ते काँक्रीट, मुलकी कंत्राटदार आणि होमगार्डमध्ये भरती झालेले गावोगावचे लोक. आयर्नसाइड यांनी किनाऱ्यावर पहिली फळी आखली आणि तिच्यामागे अशा रेषांचं जाळं विणलं. सर्वांत मोठी ‘जीएचक्यू लाइन’. पश्चिमेकडून केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने, पुढे वे आणि मेडवे नद्या धरत लंडनला दक्षिणेकडून वळसा घालून ती उत्तरेला यॉर्कशरकडे जात होती.

पिलबॉक्सचे नमुने युद्धखात्याच्या ‘एफडब्ल्यू ३’ नावाच्या शाखेने काढून दिले आणि त्यांना क्रमांक दिले. बावीस नंबर म्हणजे समभुज षटकोन. चोवीस नंबरही षटकोनीच, पण दाराची मागची भिंत इतरांपेक्षा लांब; सर्वांत जास्त बांधला गेला तो हाच. अठ्ठावीस नंबर रणगाडाविरोधी तोफेसाठी, म्हणून ऐसपैस. काही भिंती जेमतेम ३० सेंटिमीटरच्या, बंदुकीच्या गोळ्या झेलतील एवढ्याच; काही तोफगोळ्यांच्या हिशेबाने एक मीटरच्या घरात. आत वाकून शिरलं की मधोमध एक भिंत आडवी येते. जंगीतून शिरलेली गोळी चारी भिंतींवर उसळत आतल्या सगळ्यांना टिपू नये, म्हणून ती.

बाहेरची बाजू हाताने चाचपून पाहावी. लाकूड महाग आणि दुर्मीळ झालं होतं, तेव्हा अनेक ठिकाणी कंत्राटदाराने फळ्यांच्या साच्याऐवजी विटांची भिंत रचून आत काँक्रीट ओतलं आणि विटा तशाच राहू दिल्या. असा पिलबॉक्स लांबून एखाद्या घरासारखा दिसतो. जिथे फळ्या मिळाल्या तिथे लाकडाच्या रेषा काँक्रीटमध्ये अजून वाचता येतात, तर कुठे नालीदार पत्र्याच्या वळ्या उमटल्या आहेत. नमुना एकच, पण ज्या गवंड्याला जे मिळालं त्याने ते वापरलं. मला तरी नमुन्यांच्या क्रमांकांपेक्षा या खुणा अधिक बोलक्या वाटतात.

लपवण्याच्या कामात चांगले चांगले कलावंत गुंतले होते. ऑलिव्हर मेसेल हे लंडनच्या रंगभूमीवरचे नावाजलेले नेपथ्यकार. त्यांनी सॉमरसेटमधल्या पिलबॉक्सना गवताच्या गंजी आणि पडक्या वास्तूंची सोंगं दिली. ती सोंगं उन्हापावसात गेली. ससेक्समधल्या पेव्हन्सी किल्ल्यात मात्र वेगळाच प्रकार आहे. मूळ तट रोमनांचा, आत नॉर्मन बालेकिल्ला, आणि त्याच्या पडक्या भिंतींत १९४० साली मशीनगनची ठाणी अशा बेताने चिणली की दगडाला दगड जुळावा. पाहणाऱ्याचा अजूनही गोंधळ होतो. सरेमधल्या वेव्हर्ली मठाच्या अवशेषांजवळही मध्ययुगीन कमानींच्या शेजारी रणगाड्यांना अडवणारे काँक्रीटचे सुळे ओळीने उभे आहेत.

इतका खटाटोप केला, पण नेमक्या या रेषांच्या विचारावरच टीका झाली. सैन्य असं रेषांवर पसरून ठेवलं तर शत्रू एका जागी जोर लावून फळी फोडणार, हा आक्षेप होता. जुलैत आयर्नसाइड यांच्या जागी ॲलन ब्रुक आले आणि भर फिरत्या राखीव दलांवर गेला. लष्करी दृष्टीने ब्रुक यांचं बरोबर होतं. पण फिरतं दल ठेवायला आधी फिरवायला गाड्या लागतात. जूनमध्ये त्या पुरेशा नव्हत्या. भिंतीआड उभ्या असलेल्या नवशिक्याकडून थोडा वेळ तरी विकत घेता येतो, एवढाच आयर्नसाइड यांचा हिशेब होता, आणि मला तो मूर्खपणाचा वाटत नाही. १७ सप्टेंबरला हिटलरने स्वारी पुढे ढकलली. ती पुढे कधी झालीच नाही.

सुमारे २८,००० पिलबॉक्स आणि तत्सम ठाणी बांधली गेली. साडेसहा हजारांच्या आसपास उरली असावीत असा अंदाज आहे. त्यांच्याकडे बराच काळ कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. १९८५ मध्ये पिलबॉक्सवरचं हेन्री विल्स यांचं पुस्तक आलं. १९९५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्प हाती घेतला आणि ६००च्या आसपास हौशी मंडळींनी शेतं-बांध तुडवून जवळपास २०,००० जागांची नोंद केली. पिलबॉक्सखेरीज बऱ्याच बारीकसारीक गोष्टी त्यात आल्या. झुडपात कमरेएवढा काँक्रीटचा गोल खांब दिसला आणि त्याच्या माथ्यावर स्टीलची खुंटी असली, तर ती होमगार्डच्या ‘ब्लॅकर बॉम्बार्ड’ या उखळी तोफेची बैठक. खांबाला शेवाळ चढलेलं असतं, खुंटी गंजत नाही म्हणून चकचकीत राहते.

शोधायला सर्वांत अवघड आहेत ती जमिनीखालची ठाणी. कर्नल कॉलिन गबिन्स यांनी १९४० मध्ये ‘ऑक्झिलरी युनिट्स’ उभ्या केल्या. शेतकरी, शिकारराखे, चोरून शिकार करणारे अशी रानाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं निवडून त्यांच्या लहान तुकड्या केल्या. शत्रू पुढे सरकला की यांनी मागे भुयारात राहायचं आणि रात्री बाहेर पडून दारूगोळ्याचे साठे, रेल्वेमार्ग उडवायचे. दोन आठवड्यांपलीकडे ते जगतील अशी अपेक्षा नव्हती. प्रशिक्षण कोल्सहिल हाउसमध्ये चाले, पण तिथे थेट जाता येत नसे. आधी हायवर्थच्या पोस्टात जायचं. तिथल्या पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स ओळख पटवून घेत आणि मगच पुढे नेण्याची व्यवस्था होई.

भुयार म्हणजे नालीदार पत्र्याची कमान, वर माती आणि झाडोरा, उतरायला झाकलेली विहिरीसारखी वाट आणि दुसऱ्या टोकाला चोरवाट. गुप्ततेची शपथ घेतलेली ही माणसं बायकोलाही काही सांगत नसत, आणि कित्येकजण न सांगताच गेले. त्यामुळे काही तळ जंगलात झाडं तोडताना, नाही तर जमीन खचली म्हणून सापडतात. कुणाच्या मालकीच्या रानात परवानगीशिवाय शिरू नये, हे तर झालंच. पण परवानगी असली तरी या भुयारांत उतरणं धोक्याचं आहे, कारण पत्रा ऐंशी वर्षं ओल्या मातीत सडतो आहे. काही पिलबॉक्स वटवाघळांसाठी राखून ठेवले आहेत, काहींना कायद्याचं संरक्षण आहे, आणि बाकीचेही पाडायला महाग म्हणून टिकतील. भुयारांचं तसं नाही. ती कोसळण्याआधी मोजमापं आणि छायाचित्रं घेऊन ठेवायची, एवढंच काम हौशी मंडळी सध्या करताहेत.