दोन शेजारी बेटे, आठ दिवस आणि आपले कुटुंब

सगळ्या घराने मिळून आठ दिवस समुद्रकिनारी जायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो हा की, एवढा पैसा पाण्यात कशाला घालायचा? त्याच पैशात मुलीची फी भरून होईल, गावच्या घराचे पत्रे बदलता येतील. प्रश्न खोटा नाही. आपल्या कुटुंबांचा प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, गावची जयंती आणि नात्यातली लग्ने. तेथेही घरची बाई चुलीपाशीच असते. वर्षानुवर्षे डबे भरणाऱ्या आईला आठ दिवस कोणीतरी आयते ताट वाढावे, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा सहल करावी असे आमचे मत आहे.

त्यातून ज्यांच्या घरात कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, टपाल खात्यात, आयकर कार्यालयात, शिपाई असो की कारकून, त्यांना तर रजा प्रवास सवलत म्हणजे एलटीसी मिळते. आणि ती न घेताच चार वर्षांचा गट उलटून जातो. न घेतलेली सवलत पुढच्या गटाच्या पहिल्या वर्षापर्यंतच चालते, मग बुडते. साहेब लोक ती कधी बुडू देत नाहीत. बुडते ती आपल्या माणसांची.

अंदमानच का?

अंदमानसाठी या सवलतीत वेगळी सोय आहे. ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही, अशा कर्मचाऱ्यांनाही चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणम येथून अंदमानपर्यंत साध्या वर्गाने विमानाने जाता येते. तेथपर्यंतचा रेल्वेप्रवास आपापल्या दर्जाप्रमाणे. चार वर्षांतली एक मूळगावची सवलतही त्यासाठी बदलून घेता येते. ही सोय कायमची नाही, तिची मुदत वेळोवेळी वाढवत आणली आहे. म्हणून आधी आस्थापना शाखेतून चालू परिपत्रक मागून वाचावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम नव्वद टक्क्यांपर्यंत मिळते, मात्र ती उचलल्यावर दहा दिवसांत तिकिटे दाखवावी लागतात आणि परतल्यावर महिन्याभरात हिशोब द्यावा लागतो. विमानाची तिकिटे मान्यताप्राप्त संस्थांकडूनच घ्यायची. ‘आम्ही सगळे करून देतो, वर थोडे पैसेही काढून देतो’ असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा फुगवलेल्या बिलांपायी नोकरीवर गदा येते, आणि चौकशी निघाली की दलाल सापडत नाही.

राज्य सरकारी व महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. ज्यांना कोणतीच सवलत नाही त्यांनी दोन वर्षांची भिशी लावून हा बेत करावा. सर्वांत मोठा खर्च विमानाचा. तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजेही जातात. समुद्रात तीन-चार दिवस लागतात, वेळापत्रक विमानासारखे नेमके नसते, आणि ज्याला एसटीतसुद्धा मळमळते त्याने या वाटेला जाऊ नये. नागपूरकरांचे एक बरे आहे, चेन्नई आणि हावडा दोन्ही मार्ग त्यांच्या स्टेशनातूनच जातात.

कोणती दोन बेटे?

अंदमान-निकोबार म्हणजे शेकडो बेटे. माणसांची वस्ती त्यांतल्या तिसेक बेटांवरच. आठ दिवसांत सगळे पाहायला निघाल तर बोटीच्या रांगेतच दिवस जातील. आम्ही सुचवतो ती दोनच बेटे, हॅवलॉक आणि नील. दोन्ही एकमेकांच्या शेजारी, मधे साधारण तासाभराचा बोटीचा प्रवास. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. ज्या शहरात विमान उतरते त्या पोर्ट ब्लेअरला सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरे असले तर घाबरून जाऊ नका.

हॅवलॉक मोठे, दाट जंगलाचे. पश्चिमेला राधानगरचा किनारा आहे. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले होते. पांढरी मऊ वाळू, मागे सरळसोट उंच झाडांची भिंत, आणि किनाऱ्यापासून लांबवर उथळ पाणी. जुहू-चौपाटीची सवय असलेल्या मुलांना आपल्या पायाची बोटे पाण्यातून दिसतात याचेच अप्रूप वाटेल. येथे सूर्यास्त पाहायचा, पण एक लक्षात ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलेच. हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. चारच्या चहानंतर निघू म्हणाल तर अंधारात पोचाल. पहाट तशीच लवकर होते. पाचला उठणाऱ्या आपल्या माणसांना हे बेट मानवेल.

हॅवलॉकवरच एलिफंट बीच आहे. तेथे बोटीने जाता येते, नाहीतर जंगलातून पाऊण तास चालत. पाण्यात तोंडाला मुखवटा व नळी लावून प्रवाळ आणि रंगीत मासे पाहतात. सोबत वाटाड्या असतो, हवेची रबरी कडी देतात, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही हे जमते. हत्तींचे नाव उगीच पडलेले नाही. लाकूडतोडीच्या काळात या बेटांवर हत्ती आणले जात आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी ते चक्क पोहत. राजन नावाचा असा पोहणारा हत्ती हॅवलॉकवर होता. तो २०१६ मध्ये वारला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

नील लहान, सपाट आणि शांत. सायकल घेऊन दिवसभरात सगळे बेट फिरून होते. मधे भातशेती, केळी, सुपारी, भाज्यांचे मळे. हॅवलॉक आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात येथून भाजी जाते. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, भरतपूरला उथळ पाण्यात मुलांचे खेळणे. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर लाटांनी खडक पोखरून झालेली नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत ओहोटीतच जाता येते. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे, कधी तारामासा असे बरेच काही दिसते. कोकणातली आपली माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात; तो हिशोब तेथे चालत नाही. आदल्या दिवशी स्थानिक माणसाला ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त आत जाते, तेव्हा कमान पाहायला ते दिवस चांगले.

तेथे राहतात ती माणसे

प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत किनारे असतात, पण माणसे नसतात. या दोन्ही बेटांवर घराघरांत बंगाली बोलतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना १९४९ पासून सरकारने जहाजांनी अंदमानात आणले. जंगल तोडून शेती करायची, या अटीवर जमिनी दिल्या. १९५० च्या दशकात हॅवलॉकवर आणि पुढे नीलवर त्यांची गावे वसली. या निर्वासितांत फार मोठा भाग होता नामशूद्रांचा.

आपल्या वाचकांना हे नाव परके नाही. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा ते बंगालमधून निवडून गेले. त्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले ते जोगेंद्रनाथ मंडल याच नामशूद्र समाजाचे. फाळणीने बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्या समाजाची माणसे मात्र तुकड्यातुकड्यांनी देशभर विखुरली, त्यांतली काही या बेटांवर आली. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत. अंदमान-निकोबारमध्ये मात्र अनुसूचित जातींची यादीच नाही. म्हणजे समुद्र ओलांडला आणि कागदावरची जात संपली, सवलतही संपली. प्रत्यक्षात काय संपले, हे तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारल्यावर कळेल. मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातल्या कुटुंबाने चालवलेल्या चार खोल्यांत उतरलात तर स्वस्तही पडते आणि असे बोलणेही होते. जेवण मासळी, भात, डाळ. आपल्या तोंडाला चालणारे. तिखट कमी वाटले तर मिरच्या मागाव्यात.

रस्ते आणि जंगलकटाईच्या कामाला १९१८ पासून छोटा नागपूरचे आदिवासी मजूर आणले गेले. त्यांच्या वंशजांना तेथे आजही ‘रांचीवाले’ म्हणतात.

एका सहलीला नाही म्हणा

पोर्ट ब्लेअरला उतरताच टॅक्सीवाला बाराटांगची सहल सुचवतो. वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. चुनखडीच्या गुहांचे नाव पुढे केले जाते, पण पुष्कळांचे डोळे रस्त्याकडेच्या जारवांवर असतात. २०१२ च्या जानेवारीत एक चित्रफीत जगभर गाजली, तीत जारवा बायकांना खाण्याच्या वस्तूंच्या बदल्यात प्रवाशांसमोर नाचायला सांगितले जात होते. त्यांचे फोटो काढणे, त्यांना काही देणे हा गुन्हा आहे. आता गाड्यांचे ताफे पोलीस बंदोबस्तात जातात, तरी जिवंत माणसांच्या अंगणातून त्यांना न्याहाळत जाणे आम्हाला पटत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाने लांबून पाहिले, त्यांनी तरी हे पैसे देऊन करू नये. तो दिवस सेल्युलर जेलला द्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी तीन उरल्या आहेत. एका कोठडीत मुलांना पाच मिनिटे गप्प उभे करा.

कधी जावे, काय सांभाळावे

डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. सहा डिसेंबर आटोपून लगेच, नाहीतर चौदा एप्रिलची जयंती झाली की निघावे. एप्रिलमध्ये उकाडा असतो, पण समुद्र शांत आणि पाणी नितळ. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस आपल्याआधी अंदमानात पोचतो, म्हणून शाळेची सुट्टी उशिरा लागणार असेल तर ते वर्ष सोडून द्यावे. दिवाळीतही पावसाची शक्यता असते.

समुद्राला हलके घेऊ नका. जीवरक्षक असतील तेथेच, त्यांच्या नजरेसमोर पाण्यात उतरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरच्या जवळच एका परदेशी प्रवासी स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीचे तोंड, तिवरांची झाडे आणि मगरीचा फलक दिसला की पाण्यापासून लांब राहावे, संध्याकाळनंतर तर नक्कीच. बायकांनी साडी नेसून पाण्यात जाऊ नये, ती ओली झाली की पायांत गुंतते. सलवार-कुर्ता बरा. खडकांवर चालायला रबरी सोलच्या पट्ट्यांच्या चपला घ्या.

प्रवाळावर पाय देऊ नये. तो दगड दिसतो पण जिवंत असतो, आणि पाणी तापले की पांढरा पडून मरतो; २०१० मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर झाले होते. शोकेससाठी शिंपले-प्रवाळ उचलून आणण्याची आपल्याला सवय आहे, ती येथे अंगाशी येईल. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

भारतीयांना या दोन बेटांसाठी परवाना लागत नाही. तरी प्रत्येकाचे ओळखपत्र मूळ प्रतीत ठेवा, बोटीच्या तिकिटालाही लागते. नीलवर जाताना रोख पैसे जवळ असू द्या. सरकारी बोटी स्वस्त, पण त्यांची तिकिटे लवकर संपतात. खासगी बोटी जलद आणि महाग. आमच्या मते एक रात्र पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, दोन नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र वाचवायला जाऊ नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि विमान काही नीलच्या धक्क्यावर अडकलेल्या माणसासाठी थांबत नाही.