संमती कुणाची विचारायची?

देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात येते. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. देश हे प्रकरण तिच्या नावाने ओळखतो. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे नाव छापणे १९८३ पासून गुन्हा आहे आणि ती दुरुस्ती याच प्रकरणाच्या रेट्याने आली, म्हणून इथे ते नाव घेत नाही.

ती ठाण्यात कशासाठी गेली होती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. ती तक्रार करायला आलेली नव्हती. तिला तिच्या प्रियकराने आणि त्याच्या नातेवाइकांनी पळवले, अशी फिर्याद तिच्या भावाने दिली होती, म्हणून सगळ्यांना ठाण्यात आणले होते. हेड कॉन्स्टेबलने जबाब घेतले, तिच्या जन्मनोंदीची नक्कल आणायला भावाला सांगितले आणि तो हेड कॉन्स्टेबल स्वतः घरी निघून गेला. पुढचे नंतर घडले. म्हणजे ज्या ठाण्यात आधी प्रियकराला दिलेल्या तिच्या होकाराला किंमत नव्हती, त्याच ठाण्यात रात्रीच्या तिच्या नकारालाही किंमत राहिली नाही. पुढे चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला संभोगाची सवय होती असे म्हणत आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूटपणे वश होणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एकाला पाच आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नव्हत्या, हे त्यातले एक मुख्य कारण. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या आंदोलनाने १९८३ चा बदल घडवला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालय ते खरे धरून चालेल.

पोलीस लैंगिक संबंधांकडे, संमतीकडे आणि कायद्याकडे कसे पाहतात, यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच लिहिले गेले. २०१२ च्या एप्रिलमध्ये ‘तहलका’ने दिल्ली परिसरातल्या पोलीस अधिकाऱ्यांना छुप्या कॅमेऱ्यावर बोलते केले. मुलींचे कपडे, दारू, रात्रीचे फिरणे, ‘पैशासाठी तक्रारी करतात’, असे सगळे त्यांनी बिनदिक्कत सांगितले. २०१९ मध्ये ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ या संस्थांनी २१ राज्यांतल्या जवळपास १२,००० पोलिसांच्या मुलाखतींवर अहवाल काढला. स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी फार मोठ्या प्रमाणावर खोट्या आणि हेतुपुरस्सर असतात, असे त्यात साधारण पाचातल्या एकाने सांगितले. यावरून ‘पोलीस बायकांवर विश्वास ठेवत नाहीत’ एवढाच निष्कर्ष काढायची पद्धत आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. माझ्या मते ठाण्याची नजर बाईच्या इच्छेवर थांबतच नाही. ती बाईमागे कोण उभे आहे तिथे जाते. बाप, भाऊ किंवा नवरा फिर्यादी म्हणून उभा असला की तिच्या होकारातूनही गुन्हा निघतो. मागे कुणी नसले की तिचा नकारही ‘मॅटर मिटवून टाका’ या वळणावर जातो.

पळून गेलेल्या मुलींच्या तक्रारींत हे सगळ्यात स्वच्छ दिसते. पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत २०१३ मध्ये निकाल लागलेले बलात्काराचे खटले एकेक करून वाचले. पूर्ण सुनावणी झालेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ प्रकरणे पळून गेलेल्या किंवा संमतीने एकत्र आलेल्या जोडप्यांची होती आणि फिर्याद बहुतेक वेळा मुलीच्या घरच्यांची. आणखी १०९ लग्नाचे वचन मोडल्याची होती. त्यांना एफआयआरमध्ये एक ठरीव गोष्टही पुन्हा पुन्हा सापडली: गाडीत बसवले, गुंगीचे शीतपेय पाजले. आपल्याकडच्या फिर्यादींतही ‘फूस लावून पळवून नेले’, ‘लग्नाचे आमिष दाखवून’, ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य’ ही वाक्ये जबाब देणाऱ्या बाईची कमी आणि जबाब लिहिणाऱ्याची जास्त असतात. यात पोलिसाला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीत गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. मुलगी सतरा वर्षांची असेल तर अपहरण लागते. सापडल्यावर वैद्यकीय तपासणीत संबंध दिसले की ‘पोक्सो’ (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातली किमान शिक्षा दहा वर्षे आहे. मुलगा वीस वर्षांचा, मुलगी बालगृहात आणि दोघेही सांगतात की आम्ही आपल्या मर्जीने गेलो होतो. ठाण्याला इथे शहाणपण दाखवायला कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

संमतीचे वय १८६० च्या दंडसंहितेत दहा वर्षे होते, १८९१ मध्ये बारा झाले आणि त्यावरून पुण्यात टिळक आणि आगरकरांत जे रण माजले ते मराठी वाचकाला सांगायला नको. पोलीस आता आपल्या घरात शिरणार, ही त्या वेळच्या विरोधकांची एक भीती होती. ती भीती उलटी खरी ठरली: पोलिसाला घरात बोलावतात ते घरचेच, मुलीला परत आणायला. १९४९ मध्ये वय सोळा झाले आणि २०१२ च्या ‘पोक्सो’ने ते अठरावर नेले. ते कमी करू नये, असे विधी आयोगाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. सोळा ते अठरा वयोगटातल्या संमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेपुरते तारतम्य द्यावे, एवढीच सवलत सुचवली.

सज्ञान असूनही सुटका नसते. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मालवणी पोलिसांनी मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसेक जोडप्यांना ठाण्यात नेले. बंद खोलीतल्या माणसांवर ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तना’चे पोलीस कायद्यातले कलम ११० लावले, काहींच्या आईवडिलांना फोन गेले. बोभाटा झाल्यावर आयुक्तांनी चौकशी लावली. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या कामाठीपुऱ्यात ‘पिटा’खाली (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली) छापा पडतो तेव्हा सज्ञान बाई कागदावर ‘पीडित’ होते आणि सुधारगृहात जाते, मग तिला जायचे असो वा नसो. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन स्त्रियांना सोडताना सांगितले की या कायद्यात वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, असे निर्देश दिले.

विवाहित स्त्रीचे थोडक्यात सांगता येते. अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेला बलात्कार नव्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार नाही. ‘घरचा मामला’ हे शब्द ठाण्यात ऐकू येतात तेव्हा त्यांना कायद्याचाच आधार असतो.

पोलिसाच्या अविश्वासाला त्याच्या बाजूने कारणेही आहेत. त्याने तपास करून दोषारोपपत्र दिलेले असते आणि उलटतपासणीत फिर्यादीच फितूर होते, कारण दरम्यान घरच्यांनी तडजोड केलेली असते. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. निकाल लागलेल्यांत शिक्षेचे प्रमाण जेमतेम सत्तावीस टक्के. वरिष्ठांच्या आढावा बैठकीत वाढलेल्या गुन्ह्यांचा जाब त्यालाच द्यायचा असतो. दरवर्षी आरोपींपैकी पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास ओळखीचे निघतात, आणि ओळख म्हटली की ठाण्यात ‘मग राजीखुशीनेच असेल’ हा संशय लगेच येऊन बसतो. महाराष्ट्रात तपास बंद करताना ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशा समऱ्या आहेत: अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, ब म्हणजे फिर्याद द्वेषाने केलेली आणि खोटी, क म्हणजे वस्तुस्थितीचा गैरसमज किंवा दिवाणी स्वरूप. संबंध बिघडलेल्या दोन सज्ञान माणसांचे खरे दुखणे यातल्या एकाही खणात नीट बसत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला: सुरुवातीपासून पाळायचेच नव्हते असे वचन वेगळे, आणि नंतर न पाळता आलेले वचन वेगळे. नव्या न्याय संहितेच्या कलम ६९ ने फसवणुकीने किंवा लग्नाच्या खोट्या वचनाने ठेवलेल्या संबंधांना दहा वर्षांपर्यंतची स्वतंत्र शिक्षा आणली आहे. वचन देताना मनात काय होते, हे आता पहिल्यांदा तपासी अंमलदाराने ठरवायचे आहे.

कायद्याने ठाण्याला धडे बरेच दिले. २०१३ च्या दुरुस्तीने संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेला होकार अशी व्याख्या केली आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, असे लिहिले. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. अशा गुन्ह्यांची नोंद न करणाऱ्या पोलिसालाच शिक्षा. ललिता कुमारी खटल्यात त्याच वर्षी दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची झाली. बलात्कार झालेल्या स्त्रीची दोन बोटांची चाचणी करणे हे २०२२ मध्ये गैरवर्तन ठरले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्यांच्या प्रकरणात नोंदीला उशीर झाला, लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावले.

ठाण्याला खरे काय वाटते, हे जून २०२२ मध्ये एका आदेशाने सरकारी भाषेत सांगून टाकले होते. मालमत्तेचे, पैशाचे वाद आणि वैयक्तिक वैर यांतून खोट्या तक्रारी होतात, म्हणून विनयभंग आणि ‘पोक्सो’चे गुन्हे सहायक आयुक्ताची शिफारस आणि उपायुक्ताची परवानगी मिळाल्यावरच नोंदवा, असे मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाने कळवले. टीका झाली, आदेश मागे घ्यावा लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये मात्र तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, नोंदीआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. न्याय संहितेतले विनयभंगाचे कलम ७४ पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे, म्हणजे त्या मर्यादेत येते. कलम ६४ चा बलात्कार येत नाही. बाईने सांगितलेले यातल्या कोणत्या कलमात बसवायचे, हे पहिल्या रात्री ठरते ते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर.